तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, वस्तीचे काय?

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पुढे ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. या शिष्यवृत्तीवर आमच्या पिढ्या शिकल्या. आज तीच मागायची तर महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. मुदत ठरलेली, दाखले स्कॅन करून चढवायचे, ओटीपी मोबाईलवर यायचा. ज्या पाड्यावर रेंजच नाही, तिथल्या मुलीने काय करायचे? टेकडीवर चढून रेंज शोधायची, नाहीतर बापाची मजुरी बुडवून एसटीने तालुका गाठायचा आणि तिथे नेट कॅफेवाल्याला पैसे मोजायचे. हक्क शाबूत आहे. हक्कापर्यंतची वाट मात्र बंद आहे.

हा एका अर्जाचा प्रश्न नाही. २०२५ साली अकरावीचे प्रवेश सबंध राज्यासाठी ऑनलाईन झाले. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाईल अ‍ॅपमधून हजेरी सक्तीची झाली. फोटो चढला नाही की घाम गाळूनही मजुरी अडकायची. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात वाटले गेले. त्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात, रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र नेटवर्कअभावी अडते. सरकारने आधी कागद बंद केला आणि नेटवर्क मागाहून येईल म्हणून सांगितले. गरिबाच्या बाबतीत हे ‘मागाहून’ कधी संपत नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या अहवालानुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती, ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १५ टक्क्यांकडे. त्यानंतर मोबाईल खेडोपाडी पोहोचले, हे खरे. पण घरात एक मोबाईल, तोही बाप कामावर घेऊन जाणार, रिचार्ज संपलेला आणि टॉवर डोंगरापलीकडे. याला पोहोचणे म्हणत नाहीत.

पैसा नव्हता म्हणावे, तर तेही खोटे आहे. ग्रामीण भागात सेवा पोहोचवण्यासाठी २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के आकार घेतला जातो. तो शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच जातो. याच निधीच्या बळावर २०११ साली प्रत्येक ग्रामपंचायतीला ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट ठेवले गेले. २०२३ साली तिच्यासाठी आणखी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. दोन लाखांवर ग्रामपंचायती सेवेस सज्ज असल्याचे सरकार सांगते. मग वस्तीवर नेट का नाही?

कारण तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबते. कार्यालय गावठाणात आणि आमची वस्ती वेशीबाहेर. कार्यालयाला कुलूप, म्हणजे नेटलाही कुलूप. पाणी, रस्ता, वीज या प्रत्येक सोयीची गावातली वाटचाल आम्ही पाहिली आहे. ती आधी कोणाच्या दारात जाते आणि शेवटी कोणाच्या, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

दूरच्या पाड्यावर टॉवर उभारणे कंपन्यांना परवडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. नसेल परवडत. पण सार्वजनिक गरजेची वस्तू नफ्याच्या हिशेबावर सोडायची का, हा प्रश्न जुना आहे. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी तोच उपस्थित केला होता: वीज खासगी मालकीची असावी की सरकारच्या, आणि खासगी असेल तर जनतेच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालायच्या? विजेच्या जागी इंटरनेट हा शब्द घाला, प्रश्न आजचाच आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट मिळण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काशी जोडला आहे. तेव्हा ही चैन नाही आणि भीकही नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. जिथे नेटवर्क नाही, तिथे कागदावरचा अर्ज स्वीकारा. सर्व्हर बंद पडला म्हणून एकाही विद्यार्थ्याची मुदत जाऊ देऊ नका, एकाही कुटुंबाचे धान्य रोखू नका. फायबरची जोडणी शाळा, वसतिगृह, अभ्यासिका आणि वस्तीतल्या समाजमंदिरापर्यंत न्या.

आणि कार्यकर्त्यांनो, केवळ मागणी करून हे होणार नाही. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या ग्रामपंचायतीत फायबर आले का, ते चालू आहे का, वस्तीला जोडणी कधी देणार? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. शिकण्याची वाट आज या तारेतून जाते. ती वेशीवर अडवली जात असेल, तर आम्ही गप्प बसणार नाही.