तेल केव्हां बदलावें?

देवापुढील समईंत तेल कोणी घालावें, हें घरांत ज्याचें त्यास ठाऊक असतें. परंतु दारांत उभ्या असलेल्या मोटारीच्या पोटांतील तेल कोणी पाहावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत बहुधा कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. गाडी सर्वांची, म्हणून तिची काळजी कोणाचीच नाहीं, असा हा प्रकार आहे. आमच्या घरींहि तेंच घडलें. ती हकीकत सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते. परंतु वाचकांस तिचा उपयोग होण्यासारखा असल्यामुळें लाज बाजूस ठेवतों.

आमची गाडी आमच्या थोरल्या बंधूंनीं घेतलेली. ते हयात असेपर्यंत तिची एक वही होती. तेल कोणत्या दिवशीं बदललें, त्या वेळीं गाडी किती किलोमीटर चालली होती, हें सारें तींत टिपलेलें असे. २०१६ सालीं ते गेले आणि वही कपाटांत जाऊन पडली. गाडी मात्र धांवत राहिली. धांवत म्हणजे काय, तर घरून मंडई, मंडईंतून शाळा आणि शाळेंतून पुन्हां घर. दोन-अडीच किलोमीटरांपलीकडे तिचें जाणें क्वचितच होई. एकदां पुतणीनें विचारलेंहि, "काका, गाडीचें तेल बदलायला नको का?" आम्हीं गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून तिला आंकडा दाखविला: दहा हजार किलोमीटर. तीन वर्षांत गाडी आठ हजारहि चालली नव्हती. "अजून पुष्कळ अवकाश आहे," असा आम्हीं निर्णय दिला.

२०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याहून साताऱ्यास परततांना, खंबाटकीच्या चढावर, तेलाच्या झारीचें चित्र असलेला तांबडा दिवा लागला. गाडींत आम्ही पांच माणसें. त्यांत पंचाहत्तरी उलटलेल्या आमच्या वहिनी. पुतणी गाडी चालवीत होती. तिनें तत्काळ गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलें, म्हणून तें कायमचें निकामी होण्यांतून वांचलें. वाचकांनीं हें पक्कें ध्यानांत ठेवावें कीं, या दिव्याचा अर्थ 'पुढच्या गांवीं पाहूं' असा नसून 'तेलाचा दाब गेला आहे, याच क्षणीं थांबा' असा आहे. चढणाऱ्या ट्रकांच्या रांगेशेजारीं, भर पावसांत, आम्ही दोन तास उभे होतों. पुढें मिस्त्रीनें इंजिनाची खालची टाकी उघडली तेव्हां आंत तेल कसलें, डांबरासारखा गाळ निघाला. तेल ओढून घेणारी जाळी त्यानें बुजून गेली होती. दुरुस्तीस आमचें दोन महिन्यांचें निवृत्तिवेतन खर्चीं पडलें.

परंतु खरी बोच पुढेंच होती. पुतणीनें तीच पुस्तिका उघडून संपूर्ण वाक्य वाचून दाखविलें: दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकीं जें आधीं होईल तें. "काका, तुम्हीं किलोमीटर वाचले आणि पुस्तक मिटलें," एवढेंच ती बोलली. अव्यय दिसण्यांत लहान असलें तरी सबंध वाक्याचा अर्थ फिरवितें, 'च' जोडतो आणि 'वा' निवड दाखवितो, हें आम्हीं वर्गांत आयुष्यभर शिकविलें. तें सोडणाऱ्या मुलांचे गुण कापले. आणि स्वतः मात्र 'किंवा' पाशीं येऊन थांबलों! वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं कपाटांतून ती वही काढून त्यांनीं आमच्यापुढें ठेवली.

किलोमीटर भरले नसतां तेल बिघडलें कसें, हें आतां पाहूं. तेलाचें काम केवळ वंगणाचें नव्हे. तें उष्णता वाहून नेतें, काजळी आपल्यांत धरून ठेवतें, आम्लांचा जोर मारतें आणि धातूस गंजूं देत नाहीं. यासाठीं त्यांत निरनिराळीं द्रव्यें मिसळलेलीं असतात व तीं हळूहळू खर्च होतात. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. त्यांतील बहुतेक धुराच्या नळीवाटे जातें, पण थोडें इंजिनांत उतरतें. दूरच्या प्रवासांत तेल चांगलें तापतें व हें पाणी उडून जातें. दोन किलोमीटरांच्या फेरींत तेल कोमटच राहतें. पाणी आणि न जळलेलें पेट्रोल त्यांत सांठत जातें आणि शेवटीं गाळ जमतो. तात्पर्य, जी गाडी थोडी चालते तिचें तेल दीर्घकाळ टिकतें, ही समजूत चुकीची आहे.

रंगावरूनहि निर्णय करूं नये. तेल काळें झालें म्हणजे तें टाकाऊ झालें असें नव्हे. काजळी तें आपल्या अंगावर घेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. डिझेलच्या गाडींत तर नवें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें. येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९०९ सालीं इंग्लंडांतील वेकफिल्ड यांच्या कंपनीनें एरंडेल मिसळलेलें इंजिनचें तेल काढलें आणि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच त्यास कॅस्ट्रॉल हें नांव दिलें. आपल्या आज्यांचें हें घरगुती औषध वंगण म्हणून उत्तम. दोष इतकाच कीं, उष्णतेनें तें चिकट होऊन बसतें.

मग नियम कोणता? पहिला, आपल्या गाडीची पुस्तिका. येथील पुष्कळ पेट्रोल-मोटारींस दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष ही मर्यादा असते. दुचाकीची निराळी असते, तेव्हां एकीचा नियम दुसरीस लावूं नये. दुसरा, धूळ, घाट, जड ओझें, शहरांतील कोंडी आणि आमच्यासारख्या आंखूड फेऱ्या यांस कष्टाचा वापर मानून पुस्तिकेंत बहुधा लवकरचें वेगळें वेळापत्रक दिलेलें असतें. तें शोधून वाचावें. तिसरा, घाईहि नको. अमेरिकेंत दर तीन हजार मैलांस, म्हणजे सुमारें ४,८०० किलोमीटरांस, तेल बदलण्याची रूढि पडली, ती जुन्या इंजिनांच्या काळची. आजच्या गाड्यांस ती सरसकट लावणें म्हणजे पैसा आणि तेल या दोहोंचा अपव्यय होय. आम्हीं आमच्यापुरते पाडव्याचा आणि दसऱ्याचा आदला दिवस ठरविले आहेत. सहा महिन्यांचें अंतर आपोआप पडतें, आणि दसऱ्यास गाडीस हार घालतांना मन निर्मळ असतें.

हें काम घरीं करतां येतें. मात्र हमीची मुदत चालू असल्यास तिच्या अटी आधीं वाचाव्या. गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावे. इंजिन पांच मिनिटें चालवून बंद करावें. तेल कोमट हवें, कढत नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि, केव्हांहि शिरूं नये. पक्के स्टँड लावलेच पाहिजेत. खालीं घमेलें ठेवून तळाचा बोल्ट काढावा आणि तेल पूर्ण निथळूं द्यावें. बोल्टास नवा वॉशर घालून तो बेताचा आवळावा. जोर केल्यास आटे जातात. फिल्टरहि बदलावा. जुन्याची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिली नाहीं ना, हें पाहावें. नव्याच्या कडीस तेलाचें बोट लावून तो हातानेंच बसवावा. तेल पुस्तिकेंत सांगितलेलेंच घ्यावें. '५डब्ल्यू-३०' यांतील डब्ल्यू हें हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय. पहिला आंकडा थंडींतील दाटपणाचा, दुसरा तापल्यावरचा. नरसाळ्यानें थोडें कमीच ओतून इंजिन चालवावें, गळती पाहावी, बंद करून कांहीं मिनिटांनीं डिपस्टिकवरील दोन खुणांच्या दरम्यान तेल आणावें. वरची खूण ओलांडूं नये. जादा तेलास फेंस येतो आणि वंगण नीट होत नाहीं.

निघालेलें तेल गटारांत ओतणें हा पाण्यावर अन्याय आहे. वाळवी लागूं नये म्हणून तें वांशांस फांसण्याची चालहि सोडावी. वारंवार अंगास लागल्यास तें अपायकारक असतें. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलें तेल येतें. तें डब्यांत झांकून, पुनर्वापरासाठीं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

आतां आमच्या घरीं बोल्ट पुतणी काढते. आम्ही शेजारीं बसून पुस्तिका मोठ्यानें वाचतों, प्रत्येक वाक्य पूर्णविरामापर्यंत. काम आटोपल्यावर वही वहिनींपुढें जाते. तारीख आणि किलोमीटर, दोन्ही आंकडे त्या स्वतः लिहितात, आणि मगच ती मिटते.