गरिबीचे खापर गरिबाच्याच माथी



कोरडवाहू शेतकरी कर्जात का, असे शहरातल्या शहाण्यांना विचारा. उत्तर तयार असते. लग्नात उधळतो, दारू पितो, पारावर बसतो, हिशेब ठेवत नाही. म्हणजे दोष ना कापसाच्या भावाचा, ना सरकारी धोरणाचा. दोष आमच्या संस्कारांचा!

ही टूम जुनी आहे. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, तेव्हाही लग्नखर्चाचीच ओरड होती. इंग्रज सरकारच्याच चौकशी आयोगाला लिहावे लागले की, कर्जाचे कारण म्हणून या खर्चाला नको तेवढे महत्त्व दिले गेले. पुढे १९८६ ते ८८ या वर्षांचा हिशेब दिल्लीने गॅटपुढे मांडला. त्यात शेतीला दिलेली मदत उणे निघाली. दिले नाहीच, उलट काढून घेतले! लूट सरकारच्याच वहीत आहे.

इथवर सभेत टाळ्या पडतात. आता पुढचे ऐका.

वेचणीला येणारी बाई, सालगडी, गावकुसाबाहेरचा माणूस गरीब का, असे कोणी विचारले तर आम्ही काय म्हणतो? 'त्यांना कामच नको. मिळेल ते पिऊन टाकतात. त्यांच्यात असेच असते.' शहाण्याचेच वाक्य, फक्त नाव बदलले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

'त्यांच्यात' काय असते ते आपल्या नाशिक जिल्ह्याने पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. पाच वर्षे माणसे मार खात उभी राहिली; दार उघडले नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून मरणार नाही. एवढी चिकाटी असणाऱ्यांना आळशी म्हणायचे कोणत्या तोंडाने? संस्कार कमी नव्हते, दार बंद होते. देवळाचे तसेच पाणवठ्याचे, तसेच जमिनीचे. महार वतनाच्या नावाने गावाने वेठ घेतली. ती वतने संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पुढे आपल्याकडचे पारधीही त्यात आले. १९५२ साली कायदा गेला. ठपका आम्ही जपून ठेवला.

आपल्यासारखाच कापूस अमेरिकेत काळ्या गुलामांनी पिकवला. १८६५ साली गुलामी संपली, पण जमीन मिळाली नाही. बटाईने कसत ते पुन्हा कर्जात अडकले. गोरे म्हणत, यांचे रक्तच हलके. पुढे रक्ताची भाषा बोलायची लाज वाटू लागली, तेव्हा 'यांची संस्कृतीच तशी' असे सुरू झाले. शब्द बदलला, खापर फुटले त्याच डोक्यावर. आपल्याकडे जातीचे तेच चालले आहे.

दारूने घरे बसत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मायबहिणी ते रोज भोगतात. पण शहरातल्या मेजवान्यांत काय ताक पितात? तिथे बाटलीपायी कोणाच्या अख्ख्या जातीचा उद्धार होत नाही.

म्हणून आमचे सांगणे एकच. भाव मागताना उत्पादन खर्चात मजुरी आम्ही पुरेपूर धरतो. मग देतानाही तीच द्यायची. सरकारपुढे एक हिशेब आणि बांधावर दुसरा, हे चालणार नाही. जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला वेचणीचा दर लिहून आणावा आणि सर्वांसमक्ष वाचावा.

आमची गरिबी धोरणाने आली आणि त्यांची स्वभावाने, असे म्हणणाऱ्याला घामाचे दाम मागण्याचा अधिकार नाही.