पातळी तीन

शाळा सिद्धीची माहिती भरण्याचे दिवस आले की स्टाफरूममध्ये एकच प्रश्न असतो: गेल्या वर्षी काय टाकलं होतं? तेच टाका, एक-दोन ठिकाणी पातळी वाढवा, म्हणजे प्रगती दिसते. मीही अनेक वर्षं हेच केलं. म्हणून आज लिहिते आहे ते आधी स्वतःविरुद्ध.

2015 साली आलेल्या या आराखड्यात 7 क्षेत्रं आणि 46 मानकं आहेत, प्रत्येकाला तीन पातळ्या. त्यातलं एक मानक आहे, शिक्षकाने स्वतःच्या अध्यापनाचं चिंतन करणं. तिथेही आम्ही चिंतन न करताच 'तीन' लिहितो!

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. एकदा 'राजू दप्तर घेऊन शाळेत गेला' या वाक्याचा अर्थ विचारला. एक मुलगा म्हणाला, राजूने ऑफिस घेतलं. वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. उर्दूत दफ्तर म्हणजे कार्यालय. पोराने त्याला ठाऊक असलेला अर्थ लावला होता. त्याच्या घरात हा शब्द कसा वापरतात, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. आणि 'शिक्षकाला विद्यार्थ्यांची समज' या मानकापुढे माझी पातळी होती तीन.

मग जुन्या वह्या काढल्या. 'माझी पुस्तक' याखाली वर्षानुवर्षं माझ्या लाल रेघा. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग तर उर्दूत नाहीच. हे एकदा तरी समजावून सांगायला हवं होतं. मी फक्त गुण कापले.

आता आम्ही फळ्यावर दोन रकाने करतो. एकात दोन्ही भाषांत सारख्या अर्थाचे शब्द: हजर, तारीख, वकील, जमीन. दुसऱ्यात फसवणारे: दप्तर, राग, खाली. मुलंच घरून नवे शब्द आणतात.

सहकारी म्हणतात, मानकं म्हणजे कागदी छळ. अर्धं खरं आहे. 'एक' लिहिलं की मदतीऐवजी खुलासा मागतील, अशी भीती असेल तर खरं कोण लिहील? अधिकाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. पण वर्गाचं दार लावल्यावर तेच मानक स्वतःला विचारायला कोणाची परवानगी लागते?

आणि आपल्या लोकांनीही 'आपल्या पोरांना मराठी जमत नाही' हे पालुपद आता बंद करावं. आधी विचारा, ती शिकवली कशी? हेच पोर उद्या तहसीलमध्ये अर्ज लिहील, भरतीचा पेपर देईल. तिथे ते अडलं, तर माझी 'पातळी तीन' त्याच्या काय कामाची?

यंदा त्या मानकापुढे मी 'एक' लिहिलं आहे. बऱ्याच वर्षांनी खरं लिहिलं.