जहाजाच्या धुराचा धंदा आणि सातारा-सांगलीचे कारखानदार

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे जहाजाच्या धुराड्यातून काय निघते याच्याशी आपला काय संबंध, असे येथील व्यापाऱ्यास वाटणे साहजिक आहे. पण तासगावची द्राक्षे असोत, सांगलीची हळद असो की विट्याच्या मागावरचे कापड, न्हावा-शेव्याहून समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या भाड्यात इंधनाचा अधिभार असतोच. तो धूर स्वच्छ करण्याचा खर्च त्यात मिसळून आपल्याच बिलावर येतो. धूर धुणारी यंत्रे बनवण्याच्या धंद्यात मात्र आपल्या लहान कारखानदारांचे नाव ऐकू येत नाही. खर्च आपला आणि कमाई दुसऱ्याची, हा हिशेब बदलता येईल काय, याचा विचार व्हायला हवा.

प्रथम कायदा समजून घेऊ. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. म्हणजे टनभर तेलात पूर्वी ३५ किलोपर्यंत गंधक चालत असे, आता पाचच किलो चालते. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्रात २०१५ पासून, तर भूमध्य समुद्रात १ मे २०२५ पासून ही मर्यादा टनामागे अवघी एक किलो आहे. बहुतेक जहाजमालकांपुढे दोनच वाटा उरल्या. एक तर महाग, कमी गंधकाचे तेल घ्यावे, नाही तर जुनेच स्वस्त तेल जाळून धुराड्यात स्क्रबर बसवावा. आज जगात पाच हजारांहून अधिक जहाजांवर स्क्रबर आहेत.

हे यंत्र आपल्या भागास अगदी अनोळखी नाही. साखर कारखान्यांत बगॅसच्या बॉयलरचा धूर पाण्याचे फवारे मारून धुतात व राख खाली बसवतात. जहाजावर याच रीतीने धुरातला गंधकाचा वायू पाण्यात उतरवला जातो. फरक आहे तो आकाराचा आणि पाण्याचा. दहा मेगावॅटच्या इंजिनास तासाला साधारण साडेचार लाख लिटर समुद्राचे पाणी लागते. ते पाणी खारट, धुरात जाऊन आम्लयुक्त झालेले आणि वर गरम. साधे लोखंड त्यापुढे टिकत नाही, साधे स्टेनलेससुद्धा पुरत नाही. त्यासाठी उंची मिश्रधातूचे पत्रे, काचतंतूचे पाइप आणि दणकट पंप लागतात.

आता बाजाराचे. स्क्रबर बसवण्यास साधारण २० ते ५० लाख डॉलर लागतात. हा पैसा वसूल होतो तो दोन तेलांच्या भावातील फरकातून. समजा एक जहाज दिवसाला ४० टन तेल जाळते आणि वर्षातून २५० दिवस चालते. टनामागे फरक ३०० डॉलर असेल तर वर्षाला ३० लाख डॉलर वाचतात आणि ४० लाखांचे यंत्र सोळा महिन्यांत फिटते. फरक ७५ डॉलरवर आला की त्याच यंत्रास पाच वर्षांहून अधिक लागतात. हा फरक जानेवारी २०२० मध्ये सुमारे ३०० डॉलर होता, काही महिन्यांत १०० च्या खाली घसरला आणि २०२२ च्या मध्यास सिंगापुरात ४०० च्या वर गेला. सुताच्या भावावर पोट असणाऱ्या आम्हा कापडवाल्यांस हा खेळ नवा नाही. ज्या धंद्याची मागणी भावातील फरकावर उभी आहे, तिच्या वाढीचे छापील अंदाज वाचून कर्ज काढू नये.

या फरकाचा फायदा कोणाच्या खिशात जातो, हाही प्रश्न आहे. इंधनाचा अधिभार पुष्कळ ठिकाणी महाग, कमी गंधकाच्या तेलाच्या भावावर बांधलेला असतो. जहाजावर स्क्रबर असून तेल स्वस्त जळत असेल, तरी बिल महाग तेलाचेच. एका फॉरवर्डरास आम्ही या अधिभाराचा हिशेब विचारला तेव्हा ‘लाइनचा रेट आहे’ एवढेच उत्तर मिळाले. एकटा लहान निर्यातदार यापुढे काही करू शकत नाही. पण द्राक्ष बागायतदार, हळद व्यापारी आणि कापडवाले यांच्या संघटनांनी मिळून अधिभाराचे सूत्र लेखी मागावे, आणि भाड्याची तुलना नेहमी सर्व आकार धरून करावी.

धोक्याची दुसरी बाजू पाण्याची आहे. बहुसंख्य स्क्रबर धुतलेले पाणी परत समुद्रात सोडतात. हवेतली घाण पाण्यात गेली, एवढेच. इचलकरंजीच्या प्रोसेसचे पाणी पंचगंगेत गेल्यावर काय झाले, हे आपण शेजारीच पाहिले आहे. नदीची ओरड झाली की कायदा येतोच. सिंगापूरने आपल्या बंदरात असे पाणी सोडण्यास १ जानेवारी २०२० पासूनच बंदी केली. डेन्मार्क आणि स्वीडनने १ जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत ती लागू केली. शिवाय स्क्रबर गंधक काढतो, कार्बन काढत नाही. उद्या जहाजांचे इंधनच बदलले तर त्याची गरजच राहणार नाही. कायद्याने उभा केलेला बाजार कायदाच बंद करू शकतो.

मग आपल्या लोकांनी दूर राहावे काय? आमचे मत तसे नाही. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे आणि पंपाच्या कामात त्या गावाचे नाव देशभर आहे. मिरज-कुपवाडला फाउंड्र्या आहेत. ‘प्युअरसॉक्स’ नावाचा स्क्रबर विकणाऱ्या स्वीडनच्या अल्फा लव्हाल कंपनीचा एक कारखाना साताऱ्यातच आहे. दार घराजवळ असताना ते न ठोठावणे हा शहाणपणा नव्हे. पूर्ण यंत्र बनवण्याचा हट्ट मात्र धरू नये. पंपाचे इंपेलर, व्हॉल्व्ह, फवाऱ्याचे नोझल, मिश्रधातूच्या पत्र्याचे वेल्डिंग आणि सुटे भाग, एवढेच काम हाती घ्यावे. बसवलेल्या हजारो यंत्रांना गंज लागणार, भाग बदलावे लागणार. नवी विक्री थांबली तरी दुरुस्तीचे काम चालू राहते. हेच पंप आणि व्हॉल्व्ह साखर कारखान्यांत व सांडपाण्याच्या प्रकल्पांतही चालतात, म्हणून एक गिऱ्हाईक गेले तरी यंत्र बंद पडत नाही. फक्त स्क्रबरच्याच कामी येईल असे यंत्र कर्जावर घेऊ नये, हे आम्ही निक्षून सांगतो.

यास एक अट आहे. जहाजावर जाणाऱ्या भागास वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग हे काम करते. वेल्डरलाही परीक्षा द्यावी लागते. आयटीआय करून घरी बसलेल्या मुलांस दहा-वीस कारखानदारांनी मिळून ही परीक्षा द्यायला लावली, तर ते कसब जहाजाचा बाजार उतरला तरी त्यांच्या हाती राहील. यंत्रावर घातलेला पैसा बुडू शकतो, हातातले कसब बुडत नाही. व्यापारी संघटनांनी सुरुवात येथून करावी.