नेरळच्या इंजिनाचा नकाशा

गोखिवऱ्याच्या गाळ्यांत साधा दांडा कातणारा कारागीरही आधी मापांचा कागद मागतो. मग १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावरील, ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याने घडविलेल्या बाष्पइंजिनांची स्मृती आपण केवळ रंगरंगोटीच्या हवाली का करावी? अवघ्या ६१० मिलिमीटर अंतराच्या रुळांवरील तीव्र वळणे सहा चाकांना साधावीत म्हणून भरीव आसाभोवती पोकळ आस बसवून टोकाच्या चाकांना आडव्या हालचालीची मुभा देणारी क्लिएन-लिंडनर योजना छायाचित्रात दिसत नाही. ती उलगडते छेददर्शक आरेखनातच. बार्शी लाइट रेल्वेच्या इंजिनांतला आसागणिक ५ टन भाराचा हिशेबही तसाच.

असे आरेखन काढण्याचे काम मोठे चिकाटीचे. फीत लावून चाकाचा व्यास घ्यावा, तर तो झिजलेल्या धावेचा निघतो. मूळ माप जुन्या कागदाशी ताडूनच ठरवावे लागते. एकास वीस या प्रमाणात रुळांतील अंतर साडेतीस मिलिमीटर उरते, आणि अर्ध्या मिलिमीटरची जाड रेघ प्रत्यक्षात सेंटिमीटरभर लबाडी करते. (माझी पेन्सिल यात निर्दोष नाही.) म्हणून रेल्वेने आपल्या दप्तरखान्यांतील जीर्ण नकाशे अभ्यासकांस बिनदिक्कत खुले करावेत, आणि तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांना वर्षातून आठवडाभर तरी नेरळला मापे घ्यायला धाडावे.