गर्दीच्या आधी वाढवा

2022 पासून मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर लोकल नेमकी कुठे आहे ते दिसते. स्ट्रीम प्रोसेसिंगचे काम करणाऱ्या प्रत्येकाने या प्रकारच्या सेवेचा विचार करावा. रेक ठरलेले, त्यामुळे त्यांच्याकडून येणाऱ्या नोंदींचा ओघही जवळपास ठरलेला. पण पावसात कळवा-मुंब्र्यादरम्यान गाड्या अडकल्या की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या फलाटांवरचे हजारो लोक एकदमच फोन काढतात. नोंदी तेवढ्याच, विचारणारे कित्येक पट. म्हणून नोंदी घेणारा भाग आणि उत्तरे देणारा भाग एकाच नियमाने वाढवू नयेत.

ऑटोस्केलिंग म्हणजे सीपीयू तापला की नोड वाढवायचे, हा समज आता सोडायला हवा. बाहेरच्या डेटाबेसची वाट पाहत अडलेल्या कामाचा सीपीयू निवांत असतो. काफ्कातला लॅग मात्र वाढत जातो. लक्ष ठेवायचे ते लॅगवर आणि त्याच्या वाढीच्या वेगावर. मात्र अडथळा डेटाबेसचाच असेल, तर नवे नोड त्याचा भार आणखी वाढवतील.

त्याहून मोठी अडचण पार्टिशनची. एका कन्झ्युमर ग्रुपमध्ये एक पार्टिशन एकाच कन्झ्युमरकडे जाते. पार्टिशन 12 असतील तर तेरावा कन्झ्युमर रिकामा बसतो. 15 डब्यांची लोकल हवी तर फलाट आधी लांब करावे लागतात, तसेच हे. पार्टिशन ऐन वेळी वाढवता येतात, पण मग त्याच कीच्या पुढच्या नोंदी भलत्या पार्टिशनमध्ये जाऊ शकतात आणि क्रम मोडतो. मुंब्र्याला पोहोचलेली सीएसएमटी लोकल स्क्रीनवर पुन्हा दिव्याला दिसली, तर प्रवासी त्या ॲपवर विश्वास का ठेवेल?

फ्लिंकमध्ये समांतरता बदलताना काम सहसा थांबते आणि चेकपॉइंटवरून स्टेट नव्याने वाटले जाऊन सुरू होते. तेवढ्या वेळात लॅग साचतोच. सकाळची गर्दी रोजची आहे. तिच्यासाठी पहाटेच क्षमता वाढवून ठेवा. पावसाचा नेम नाही, त्यासाठी थोडी क्षमता कायम राखीव ठेवा. तिचा खर्च वरिष्ठांना पटवणे हे आपलेच काम आहे.

क्षमता वाढवणेही निर्धोक नसते. 25 नोव्हेंबर 2020 रोजी ॲमेझॉनची कायनेसिस सेवा उत्तर व्हर्जिनियात कित्येक तास कोलमडली, ती थोडी क्षमता वाढवल्यानंतरच. तिथला प्रत्येक फ्रंट-एंड सर्व्हर इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड उघडत असे. सर्व्हर वाढले आणि थ्रेडची संख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्यादेपलीकडे गेली. तेव्हा मे महिन्यातच गेल्या पावसाळ्यातल्या सर्वांत वाईट दिवसाच्या नोंदी दुप्पट वेगाने पुन्हा चालवून पाहा, वाचणाऱ्यांचा भारही त्याच वेळी टाका, आणि ओघ ओसरल्यावर नोड किती सावकाश कमी होतात तेही तपासा.