अमिशांचे आरोग्य : श्रेय कोणाचे?

अमेरिकेतील अमिश समाजाविषयी एक समजूत अलीकडे फार पसरली आहे. हे लोक मोटार बाळगत नाहीत, वीज कंपनीची तार घरात घेत नाहीत, घोडागाडीतून हिंडतात, मुलांना आठवीपुढे शाळेत पाठवीत नाहीत, विमा उतरवीत नाहीत. आणि म्हणूनच, असे सांगितले जाते, त्यांना कर्करोग होत नाही, मधुमेह होत नाही, त्यांच्या मुलांना दमा ठाऊक नाही. या विधानाला शेवटी हळूच एक शेपूट जोडले जाते : ते लस टोचून घेत नाहीत, हेच त्यांच्या निरोगीपणाचे रहस्य होय! आधीच्या अर्धसत्याच्या बळावर शेवटचे असत्य खपून जाते. ज्या घरात पाळण्यात मूल आहे, त्या घराला असे असत्य फार महाग पडू शकते. म्हणून या समाजाच्या आरोग्याचे आकडे थोडे जवळून पाहिले पाहिजेत.

अमिश हे मूळचे स्वित्झर्लंड व त्यालगतच्या जर्मन भाषक प्रदेशातले. १६९३ च्या सुमारास याकोब अम्मान या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी आपल्या पंथापासून फारकत घेतली आणि अठराव्या शतकात त्यांच्यापैकी काही कुटुंबे पेनसिल्व्हेनियात येऊन स्थायिक झाली. युरोपात हा पंथ आता उरलेला नाही. अमेरिकेत मात्र, मुख्यतः पेनसिल्व्हेनिया, ओहायो व इंडियाना या राज्यांत पण इतरत्रही पसरलेल्या, आणि कॅनडातील थोड्या वसाहती धरून, त्यांची संख्या आज चार लाखांच्या घरात गेली आहे. साधारण वीस वर्षांत ती दुप्पट होते. ज्या समाजात पाच-सहा मुले असणे हे सामान्य मानले जाते, तेथे निम्मी लोकसंख्या विशीच्या आतबाहेर असणार हे उघड आहे. आणि तरुणांच्या समाजात कर्करोगाचे व हृदयविकाराचे रुग्ण कमी दिसणार, हेही तितकेच उघड आहे. वयोमानाचा हिशेब न करता दोन समाजांचे रोगप्रमाण ताडून पाहणे म्हणजे शाळेतील मृत्युदराची पेन्शनरांच्या मृत्युदराशी तुलना करण्यासारखे आहे.

परंतु हा हिशेब नीट केल्यावरही काही फरक शिल्लक राहतोच. ओहायो राज्यातील अमिश प्रौढांचा जो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वयोमान जमेस धरूनही त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण राज्याच्या प्रमाणाच्या ६० टक्केच भरले. तंबाखूशी निगडित कर्करोग तर अवघे ३७ टक्के. कर्करोग होत नाही असे नव्हे, कमी होतो. आणि जो कमी होतो त्यात सर्वांत मोठी घट कोठे आहे हे पाहिले की कारणाचा धागा हाती लागतो. सिगारेटचे व्यसन या समाजात फार थोडे. (गंमत अशी की पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूचे पीक काढून विकले आहे.)

मधुमेहाचीही तीच कथा. लँकेस्टरच्या अमिशांत तो इतर गोऱ्या अमेरिकनांच्या सुमारे निम्म्याने आढळला. याचे श्रेय त्यांच्या आहाराला द्यावे, तर ताटात मांस, बटाटे, लोणी आणि गोड पाय यांची रेलचेल! आहारशास्त्रज्ञाने पाहून कपाळाला हात लावावा असा हा आहार. खरे कारण पायांत आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शेती करणाऱ्या ९८ अमिश प्रौढांच्या कमरेला पावले मोजण्याचे यंत्र लावण्यात आले, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांची दिवसाची सरासरी १८,४२५ पावले भरली, स्त्रियांची १४,१९६. त्या पुरुषांत स्थूल असा एकही नव्हता. या पावलांना व्यायाम हे नाव नाही. नांगरामागे, गोठ्यात, धुण्याच्या दोरीपाशी ती आपोआप पडतात. शहरातला कारकून सकाळी फिरावयास जातो तेव्हा तो आपल्या वेळाची किंमत मोजून जे विकत घेतो, ते अमिश शेतकऱ्याला उत्पादनाच्या ओघातच मिळून जाते.

मुलांच्या दम्याविषयीचे संशोधन याहून बोधप्रद आहे. अमिश आणि हटराइट हे दोन्ही पंथ युरोपच्या आल्प्स पर्वताच्या परिसरातून आलेले. दोघेही शेतकरी, दोघांचीही कुटुंबे मोठी, दोघांच्याही घरी न तापविलेले दूध. तरीही शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण अमिशांत ५.२ टक्के आणि हटराइटांत २१.३ टक्के. फरक कोठे पडला? हटराइट लोक यंत्रांनी, सामुदायिक पद्धतीने मोठी शेती करतात आणि त्यांचे गोठे वस्तीपासून दूर असतात. अमिशांचा गोठा घराला लागून, मुले त्यात उघड्या पायांनी खेळतात. घरातील धूळ तपासली तेव्हा अमिशांच्या धुळीत जंतुजन्य अंशाचे प्रमाण जवळजवळ सातपट निघाले. तीच धूळ उंदरांना हुंगविली असता त्यांचे दम्यापासून रक्षण झाले. हा अभ्यास २०१६ चा. लसविरोधकांनी यातील एक तपशील मुद्दाम वाचावा : दोन्ही समाजांतील मुलांत लसीकरणाचे प्रमाण चांगले होते, असे संशोधकांनी स्पष्ट नोंदविले आहे. म्हणजे ज्या मुलांना दमा होत नाही म्हणून लशीला दोष दिला जातो, ती मुले लस टोचून घेतलेली होती.

अमिशांचा धर्म लशीला मनाई करीत नाही. काही वसाहती ती घेतात, काही टाळतात. आणि टाळण्याची किंमत त्यांनी मोजलेली आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत पोलिओची जी शेवटची देशांतर्गत साथ आली, ती लस न घेतलेल्या अमिशांतच. २०१४ मध्ये ओहायोतील काही अमिश पुरुष चक्रीवादळग्रस्तांच्या मदतीसाठी फिलिपाइन्सला गेले आणि परतताना गोवर घेऊन आले. बघता बघता ३८३ जणांना लागण झाली. त्यांतील ३८० अमिश होते. लागण झालेल्या वस्त्यांतील अमिश घरांत लशीचे प्रमाण अंदाजे १४ टक्के होते, भोवतालच्या समाजात ८८ टक्क्यांहून अधिक. साथ त्या कुंपणापाशीच थांबली याचे कारण हे दुसरे प्रमाण. तिचा जोर ओसरला तोही दहा हजारांहून अधिक लोकांनी लस टोचून घेतल्यावर, आणि त्या रांगांत अमिश कुटुंबे मोठ्या संख्येने होती. साधेपणाने गोवर रोखला गेला नाही. रोखला तो सरकारी आरोग्यखात्याच्या सुईने.

आता नाण्याची दुसरी बाजू. मूळ काही शे माणसांपासून वाढलेल्या आणि आपसांतच विवाह करणाऱ्या समाजात पूर्वजांचा एखादा दुर्मिळ दोष पिढ्यान्‌पिढ्या घोळत राहतो. सहा बोटे, खुजेपणा आणि हृदयातील व्यंग घेऊन येणारा एक विकार लँकेस्टरमध्ये जगात इतरत्र कोठेही नाही इतका आढळतो, हे व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६४ मध्ये दाखविले व त्याचा उगम १७४४ मध्ये आलेल्या एका दांपत्यापर्यंत नेऊन भिडविला. दुसरा एक चयापचयाचा विकार याहून घातकी आहे. मूल जन्मतः धडधाकट दिसते. पुढे साध्या तापाचे निमित्त होते आणि काही तासांत मेंदूला कायमची इजा होऊन ते पांगळे होते. अशा मुलांना ‘देवाची मुले’ म्हणून प्रेमाने सांभाळणे एवढेच आईबापांच्या हाती होते. डॉ. होम्स मॉर्टन यांनी १९८९ मध्ये स्ट्रासबर्ग गावाजवळ या मुलांसाठी दवाखाना काढला. जन्मल्याबरोबर तपासणी, विशिष्ट आहार आणि ताप येताच तातडीचा उपचार, एवढ्यावर बहुतेक मुले आज पायांवर उभी राहतात. या दवाखान्याची लाकडी इमारत अमिश व मेनोनाइट सुतारांनी स्वतः उभारली, आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा गोधड्या, फर्निचर व जनावरे यांच्या लिलावांतून येतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. १९६५ पासून हा समाज स्वतंत्र व्यावसायिक म्हणून सरकारी निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतून मुक्त आहे. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातूनही त्याने सूट मिळविली. आजारपण आले की कुटुंब आधी आपली पुंजी काढते, मग मंडळी वर्गणी काढते, रुग्णालयाशी रोख रकमेवर घासाघीस होते. विमा नाही असे वरवर दिसते, पण परस्परांना ओळखणाऱ्या माणसांचा तो विमाच आहे. मात्र ही ऊब मिळविण्यासाठी मंडळीत राहावे लागते. जो बाहेर पडला त्याला ती नाही.

या समाजाकडे पाहताना आपल्याकडेही एकदा पाहावे. अमिशांत सख्ख्या चुलत-मावस-मामे-आते भावंडांचे विवाह निषिद्धच आहेत, तरी दोष टळला नाही. मराठी घरांत सगोत्र विवाह वर्ज्य, पण मामाच्या मुलीवर अनेक जातींत पहिला हक्क. आणि जातीबाहेर पाऊल टाकणे तर आजही कठीण. हैदराबादच्या व अमेरिकेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूह तपासले, तेव्हा ८१ समूहांत असा पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही गडद निघाला. त्यांतील काहींची लोकसंख्या दहा लाखांहून मोठी आहे. गोत्र पाहिले म्हणजे भागले, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. अमिशांनी निदान आपल्या मुलांच्या रक्ताची तपासणी करून घेण्यासाठी गोधड्या विकल्या. येथे पत्रिका जुळविण्यावर होणाऱ्या खर्चाच्या काही अंशानेही ही तपासणी होत नाही.

अमिशांचे जीवन स्वतः तरी स्थिर कोठे आहे? लँकेस्टरमध्ये जमिनीचे भाव इतके चढले की बहुसंख्य घरांतील कर्ता पुरुष आता शेतीवर नाही. तो सुतारकामाच्या कारखान्यात, बांधकामावर किंवा दुकानात आहे आणि कामावर जाण्यासाठी भाड्याच्या मोटारीत बसतो. ओंटारिओच्या शेतकऱ्याची १८,४२५ पावले त्याच्या नावावर जमा करता येणार नाहीत, आणि ज्या घरामागे आता गोठाच राहिलेला नाही, त्या घरातील मुलांच्या दम्याचा हिशेब इंडियानाच्या गोठ्यातील धुळीवरून मांडता येणार नाही.